काचतंतूच्या सळईत ग्राफीन: रेझिनच्या पिंपापासून स्लॅबच्या जाळीपर्यंत

कोकणात ओहोटीच्या वेळी एखाद्या जुन्या जेट्टीखाली उतरून वर बघा. स्लॅबच्या पोटाला सुटलेले पोपडे दिसतात आणि त्यांतून तांबारलेल्या सळया डोकावत असतात. खारट पाण्यातला क्लोराइड काँक्रीटमधून झिरपत लोखंडापर्यंत पोचला की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त, दुपटीपासून सहापटीपर्यंत, जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडतो. अशा ठिकाणी काचतंतूची सळई, म्हणजे बाजारातली ‘फायबर सळई’, वापरायचा विचार आता आपल्याकडेही रुजतो आहे. भारतीय मानक आयएस १८२५६ हे २०२३ साली आलं, त्यामुळे ‘याला कोड कुठे आहे?’ हा प्रश्नही बराचसा मिटला.

त्यापुढचा प्रश्न हल्ली वारंवार येतो: या सळईत ग्राफीन घातलं तर? हा लेख त्याबद्दल आहे. पल्ट्रूजनचा, म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेले तंतू ओढून सळई बनवायचा, छोटा कारखाना चालवणारे, त्यांच्याकडून माल घेणारे कंत्राटदार आणि ड्रॉइंगवर सही करणारे इंजिनिअर, तिघांनाही त्यातलं काहीतरी उपयोगी पडेल.

पहिली पायरी: ग्राफीन कशासाठी, ते कागदावर लिहा

बहुतेक लोक इथेच चुकतात, म्हणून या पायरीला मी जास्त वेळ देतो.

ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकच थर. मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलॉव्ह यांनी २००४ साली तो ग्रॅफाइटपासून वेगळा करून दाखवला आणि २०१० साली त्यांना नोबेल मिळालं. त्याचा ताठपणा, म्हणजे मॉड्युलस, साधारण १,००० गिगापास्कल. पोलादाचा २००. हे दोन आकडे शेजारी ठेवले की विक्रेत्याचं काम सोपं होतं: ‘पोलादाच्या पाचपट ताठ पदार्थ सळईत घातलाय साहेब!’

आता साधी आकडेमोड करू. सळईच्या लांबीच्या दिशेने तिचा मॉड्युलस म्हणजे काचेचा वाटा अधिक रेझिनचा वाटा. चांगल्या सळईत आकारमानाच्या सुमारे ६० टक्के काच असते, उरलेलं रेझिन, म्हणजे तंतूंना बांधून ठेवणारं प्लॅस्टिक. ईसीआर काचेचा (रसायनांना जास्त टिकणाऱ्या काचेचा) मॉड्युलस ८० गिगापास्कल धरा आणि रेझिनचा ३.३. म्हणजे ०.६ गुणिले ८० बरोबर ४८, आणि ०.४ गुणिले ३.३ बरोबर १.३. एकूण ४९.३. आता ग्राफीनने रेझिन तब्बल ३० टक्क्यांनी ताठ झालं असं समजा. रेझिनचा वाटा १.३ वरून १.७ वर जाईल आणि सळई ४९.३ वरून ४९.७ वर. एक टक्कासुद्धा फरक नाही. मोजमापाच्या चुकीतच तो हरवून जाईल.

तेव्हा ‘ग्राफीनमुळे सळईची ताणशक्ती दीडपट’ असं कुणी सांगितलं तर चहा घ्या आणि निघा. लांबीच्या दिशेने ओझं काच उचलते.

मग ग्राफीन घालायचं कशाला? जिथे काच काही करू शकत नाही आणि सगळा भार रेझिनवर पडतो, तिथे. सळईला आडवा कातर बसतो तेव्हा. तंतू आणि रेझिन यांची पकड सुटू लागते तेव्हा. पृष्ठभागावरची वाळू आणि सळईचा गाभा यांच्यामधला थर काँक्रीटच्या ओढीने सोलला जातो तेव्हा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी आत शिरतं तेव्हा. काँक्रीटच्या बारीक छिद्रांतल्या पाण्याचा पीएच १२.५ ते १३.५ असतो. हा क्षार (मीठ नव्हे, अल्कली) लोखंडाला गंजापासून जपतो, काचेला मात्र खातो: त्यातले हायड्रॉक्सिल आयन काचेतली सिलिका-ऑक्सिजनची साखळी तोडतात. काच आणि तो क्षार यांच्यामध्ये उभं असतं ते फक्त रेझिन. त्या रेझिनमध्ये ग्राफीनचे चपटे, अभेद्य पापुद्रे नीट पसरले तर पाण्याच्या कणाला सरळ वाट मिळत नाही, वळसे घेत जावं लागतं. शिवाय रेझिनमध्ये सुरू झालेली सूक्ष्म भेग पापुद्र्याला अडते, वळते आणि पुढे जायला तिला जास्त ऊर्जा लागते.

न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सलियर पॉलिटेक्निकच्या संशोधकांनी २००९ साली इपॉक्सी या रेझिनमध्ये वजनाच्या फक्त ०.१ टक्का ग्राफीन मिसळून भेगेला होणारा विरोध ५३ टक्क्यांनी वाढल्याचं दाखवलं होतं. हा आकडा खरा आहे, पण तो नुसत्या इपॉक्सीचा आहे. माहितीपत्रकात तो सळईच्या नावावर छापलेला दिसला की समजावं, लिहिणाऱ्याने वरची आकडेमोड केलेली नाही.

तेव्हा वहीत लिहायचं ते असं: ‘क्षारात ९० दिवस ठेवल्यावर उरणारी ताकद वाढवायची आहे’, किंवा ‘पाणी शोषण कमी करायचं आहे’, किंवा ‘काँक्रीटशी पकड सुधारायची आहे’. एक लक्ष्य, फार तर दोन. ‘सळई मजबूत करायची’ हे लक्ष्य नव्हे.

दुसरी पायरी: पावडर विकत घेणं

२०१८ साली सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी जगभरातल्या ६० कंपन्यांची ‘ग्राफीन’ पावडर तपासली. बहुतेक नमुन्यांत खरं ग्राफीन, म्हणजे दहा थरांपर्यंतचं, १० टक्क्यांपेक्षा कमी निघालं. ५० टक्क्यांच्या वर तर एकही गेला नाही. उरलेलं काय? बारीक दळलेलं ग्रॅफाइट. पेन्सिलीतलं.

माझ्या पहिल्या खेपेला मीही असाच फसलो. पुरवठादाराचं प्रमाणपत्र झकास होतं, त्यावर स्पेक्ट्रमचा आलेखही होता. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पावडर बघितली तर जाडजूड लाद्या, एकावर एक. आलेख दुसऱ्याच कुठल्यातरी नमुन्याचा असावा. तेव्हापासून माझा नियम असा: आधी ५० ग्रॅम मागवायचे, आपल्या पैशाने तपासायचे, मग किलोची ऑर्डर.

तपासायचं काय? रामन स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे लेझरचा उजेड पाडून मिळणाऱ्या आलेखात, १३५०, १५८० आणि २७०० या आकड्यांच्या आसपास तीन शिखरं येतात. पहिलं दोष दाखवतं, दुसरं कार्बनची जाळी, तिसऱ्याच्या आकारावरून थरांचा अंदाज येतो: एकाच थराचं असेल तर ते उंच आणि एकसंध, ग्रॅफाइट असेल तर बसकं आणि खांदा असलेलं. पण एका कणावरचा सुंदर आलेख म्हणजे सगळी पोती सुंदर असं नाही. किमान वीस-पंचवीस कणांवर मोजायला सांगा. सोबत सूक्ष्मदर्शकाचे फोटो, प्रतिग्रॅम पृष्ठफळ आणि राखेचं प्रमाण मागा. एकथरी ग्राफीनचं सैद्धांतिक पृष्ठफळ ग्रॅमला २,६३० चौरस मीटर. हाती येणारी पावडर त्याच्या जवळपासही नसते, पण दहा-वीसवर आलेली पावडर ग्रॅफाइटच समजा.

पापुद्र्याची रुंदी फार मोठी नको. रोविंगमधला, म्हणजे काचतंतूंच्या पेडातला, एक तंतू साधारण १३ ते २४ मायक्रॉन जाडीचा असतो आणि गच्च दाबलेल्या तंतूंमधली फट त्याहून बरीच अरुंद. पापुद्रे २०-२५ मायक्रॉनचे असतील तर रोविंग गाळणीसारखं काम करतं: ग्राफीन बाहेरच अडकतं आणि गाभ्यात नुसतं रेझिन जातं. ५ मायक्रॉनच्या आतला माल घ्यावा हे माझं मत.

ग्राफीन ऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजन जोडलेलं ग्राफीन, घ्यावं की नाही? ते पाण्यात छान पसरतं, म्हणून तंतूंवरच्या लेपात घालायला सोयीचं. पण ते स्वतःच पाणीप्रेमी आहे, आणि हमर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या १९५८ च्या पद्धतीने बनवलेल्या मालात गंधकाम्ल आणि मँगनीजचा अंश उरू शकतो. पाणी अडवण्यासाठी मिसळायचं असेल तर रेझिनशी जुळेल असं पृष्ठभागावर प्रक्रिया केलेलं, थोड्या थरांचं ग्राफीन बरं.

पावडर हाताळताना किमान एन ९५ मास्क, हातमोजे, आणि पंखा बंद. सांडलं तर झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. ही धूळ वीजवाहक आहे. फुफ्फुसांची काळजी तर आहेच, पण ती उडून इलेक्ट्रिकच्या पॅनेलमध्ये बसली तर लाइनही बंद पाडेल.

तिसरी पायरी: मास्टरबॅच

सुकी पावडर थेट बाथमध्ये, म्हणजे रोविंग भिजवायच्या रेझिनच्या टाकीत, ओतायची नाही. कधीच नाही. गुठळ्या होतात, आणि गुठळी म्हणजे रेझिनमध्ये आपणच पेरलेला दोष, तिथूनच भेग सुरू होणार. आधी थोड्या रेझिनमध्ये दाट मिश्रण, म्हणजे मास्टरबॅच, करायचं, मग ते पातळ करायचं.

हिशेब सोपा आहे. १०० किलो रेझिनमध्ये ०.१ टक्का ग्राफीन हवं म्हणजे १०० ग्रॅम. २ टक्क्यांचा मास्टरबॅच असेल तर तो ५ किलो आणि साधं रेझिन ९५ किलो. सुरुवातीला ०.०५, ०.१ आणि ०.२ टक्का असे तीन नमुने करा. ०.५ च्या वर बहुधा तोटाच: रेझिन दाट होतं, तंतू नीट भिजत नाहीत, आणि जी पोकळी आपण बुजवायला निघालो ती आपणच तयार करतो.

इपॉक्सी असेल तर तीन रोलची मिल उत्तम. रोलमधलं अंतर टप्प्याटप्प्याने कमी करत पाच-सहा फेऱ्या. व्हिनाइल एस्टर हे दुसरं रेझिन मात्र मिलवर उघडं पसरलं की त्याला पातळ ठेवणारं स्टायरीन उडून जातं, वासाने माणसं हैराण होतात आणि आगीचा धोका वेगळाच. त्यासाठी झाकणबंद भांड्यात हाय-शिअर मिक्सर, आणि त्यानंतर छोट्या हप्त्यांत अल्ट्रासोनिक प्रोब. भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवायचं, प्रोब सलग न चालवता थांबत-थांबत चालवायचा, आणि तापमान ४० अंशांवर जाऊ द्यायचं नाही. जास्त वेळ चालवलं की पापुद्रे तुटून बारीक होतात आणि पाण्याला वळसा घालायला लावण्याचा त्यांचा गुण घटतो. ‘अजून अर्धा तास’ हा मोह टाळा.

पसरलं की नाही हे बघायला तीन स्वस्त तपासण्या पुरतात. रंगाच्या कारखान्यात कणांचा बारीकपणा बघायला वापरतात ती हेगमन पट्टी: १० मायक्रॉनच्या वर ओरखडे दिसले तर परत मिक्सरला. दोन काचपट्ट्यांमध्ये एक थेंब दाबून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. आणि उभ्या काचेच्या बरणीत मिश्रण २४ तास सोडून वर निवळ थर येतो का ते पाहणं. तिसरी तपासणी सगळ्यात मोलाची, कारण शनिवारी केलेलं मिश्रण सोमवारी वापरलं जातं हे कारखान्यातलं वास्तव आहे.

स्निग्धता (रेझिनचा दाटपणा) रोज मोजा, त्याच तापमानाला. साध्या रेझिनच्या दीडपटीवर गेली तर ग्राफीन कमी करा. स्टायरीन वाढवून पातळ करण्याचा सोपा रस्ता घेऊ नका; पुढे आक्रसणं वाढतं आणि सगळं मुसळ केरात.

चौथी पायरी: क्युअर पुन्हा बसवणं

क्युअर म्हणजे रेझिन शिजून घट्ट होणं. ही पायरी जवळजवळ सगळे विसरतात. व्हिनाइल एस्टर घट्ट होतं ते पेरॉक्साइडने तयार केलेल्या मुक्त मूलकांमुळे. कार्बनचे पृष्ठभाग, विशेषतः ग्राफीन ऑक्साइड, यातली काही मूलकं गिळतात. परिणाम असा की कालच्याच कृतीने आज रेझिन अर्धवट शिजतं. सळई बाहेरून कडक वाटते, ठोकली तर आवाजही ठीक येतो, पण गाभ्यात न जुळलेलं रेझिन राहतं आणि वर्षभरात तेच पाणी पितं. म्हणजे ज्यासाठी ग्राफीन घातलं त्याच्या नेमकं उलट.

म्हणून प्रत्येक प्रमाणासाठी जेल होण्याचा वेळ आणि उष्णतेचं कमाल टोक नव्याने मोजा, त्यानुसार पेरॉक्साइड किंवा ओढण्याचा वेग बदला. तयार सळईचा तुकडा डीएससी यंत्रावर (तापवताना नमुना किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजणाऱ्या) तपासा. काचतंतूच्या सळईसाठीच्या अमेरिकेच्या एएसटीएम डी ७९५७ या मानकात क्युअर किमान ९५ टक्के आणि काचसंक्रमण तापमान (ज्याच्या वर रेझिन मऊ पडू लागतं ते) किमान १०० अंश सेल्सिअस मागितलं आहे. यंत्र स्वतःचं असायची गरज नाही, बाहेरच्या प्रयोगशाळेत नमुने पाठवता येतात. हा खर्च ग्राफीनच्या खर्चाआधी बजेटमध्ये धरा.

पाचवी पायरी: लाइनवर

१२ मिलिमीटरची सळई घेऊ. क्षेत्रफळ ११३ चौरस मिलिमीटर, त्याच्या ६० टक्के काच म्हणजे सुमारे ६८. ४८०० टेक्सच्या (किलोमीटरला ४,८०० ग्रॅम भरणाऱ्या) एका रोविंगमध्ये १.८३ चौरस मिलिमीटर काच असते. ३७ रोविंग लागतील. एका मीटरला काच १७८ ग्रॅम, रेझिन ५२ ग्रॅम, एकूण २३० ग्रॅम. याच जाडीची लोखंडी सळई मीटरला ८८८ ग्रॅम भरते.

५२ ग्रॅम रेझिनमध्ये ०.१ टक्का ग्राफीन म्हणजे मीटरमागे ०.०५२ ग्रॅम. शंभर मीटर सळईला जेमतेम पाच ग्रॅम! ग्राफीन किलोला २०,००० रुपये पडलं असं धरलं तरी मीटरमागे साधारण एक रुपया. ग्राफीन महाग म्हणून सळई महाग, हे म्हणूनच पटत नाही. पैसा जातो तो पसरवण्यात, चाचण्यांत आणि वाया गेलेल्या मालात.

बाथमध्ये रेझिन सतत हलतं ठेवा, हळू पंपाने फिरवलं तरी चालेल. रोविंग बाथमध्ये शिरण्याआधी नीट पसरलेली आणि कोरडी हवी. पावसाळ्यात पोती उघडी टाकू नका. नोझलपाशी पिळून परत बाथमध्ये पडणाऱ्या रेझिनवर लक्ष ठेवा. दिवसभरात ते जास्त-जास्त काळं आणि दाट होत गेलं तर समजा की रोविंग ग्राफीन गाळून परत पाठवतेय. दर दोन तासांनी बाथमधला नमुना घेऊन बरणीत तारीख-वेळ लिहून ठेवणं हा त्यावरचा साधा पहारा.

आता रंगाबद्दल. साधी काचतंतू सळई थोडी पारदर्शक, पिवळसर असते. कोरडी राहिलेली रोविंग अनुभवी कामगाराला पांढऱ्या रेघेसारखी उजेडात दिसते. ग्राफीनने सळई काळी होते आणि ही फुकटची तपासणी हातची जाते. त्याऐवजी २५ मिलिमीटरचे तुकडे गुळगुळीत कापून रंगीत द्रावात उभे ठेवा. पंधरा मिनिटांत वरच्या तोंडाला रंगाचे ठिपके आले तर आतून पोकळ नळ्या आहेत. दर पाळीला हे करा. दुसरी गोष्ट, छोट्या कारखान्यांत पुष्कळदा तापलेला साचा नसतो, सळई इन्फ्रारेड भट्टीतून जाते. काळा पृष्ठभाग ती उष्णता बाहेरच शोषून घेतो, साल आधी कडक होते आणि गाभा मागे राहतो. भट्टीचा पहिला टप्पा थोडा मंद ठेवून वेग कमी करावा लागतो.

आणि हो, बाजारातली प्रत्येक काळी सळई ग्राफीनची नसते. काजळीचा रंगही काळाच असतो.

वाळूचा लेप आणि दोऱ्याचा पीळ नेहमीसारखाच. पकड हे तुमचं लक्ष्य असेल तर मात्र एक युक्ती करून बघा: गाभ्याला साधं रेझिन आणि फक्त वाळू धरणाऱ्या बाहेरच्या थराला ग्राफीनचं रेझिन. गाळणीची अडचणच उरत नाही, आणि क्षाराला अडवणारी भिंत जिथे हवी तिथे, बाहेरच, उभी राहते. छोट्या कारखान्याने सुरुवात इथून करावी, असं मला वाटतं.

सहावी पायरी: जोडीचा नमुना आणि चाचण्या

त्याच दिवशी, त्याच रोविंगच्या गठ्ठ्यातून, त्याच कामगारांकडून बिनग्राफीनची सळईही काढा. हा जोडीचा नमुना नसेल तर पुढचे सगळे आकडे बिनकामाचे, कारण रोविंगचा लॉट बदलल्याने पडणारा फरक कित्येकदा ग्राफीनच्या फरकाहून मोठा असतो. दोन्हींचे निदान पाच-पाच तुकडे प्रत्येक चाचणीला द्या. प्रयोगशाळेला कुठला कुठला हे सांगू नका, फक्त क्रमांक घाला. दोन्ही काळे दिसावेत म्हणून साध्या सळईत काजळीचा रंग घातला तर उत्तमच, फक्त काजळीही क्युअरवर परिणाम करू शकते हे ध्यानात ठेवून तिचं क्युअर वेगळं तपासा.

चाचण्या स्वस्तापासून महागाकडे करत जा. आखूड तुकडा वाकवून थरांमधला कातर मोजणं सगळ्यात सोपं, आणि रेझिन सुधारलं असेल तर इथे दिसायलाच हवं. इथेच फरक नसेल तर पुढचा खर्च करू नका. मग पाणी शोषण: डी ७९५७ प्रमाणे ५० अंशांच्या पाण्यात २४ तासांत ०.२५ टक्क्याच्या आत आणि पूर्ण भिजल्यावर १ टक्क्याच्या आत. मग आडवा कातर, किमान १३१ मेगापास्कल. काँक्रीटच्या ठोकळ्यातून ओढून पकड, किमान ७.६ मेगापास्कल. ताण-चाचणीत सळईची टोकं थेट यंत्राच्या जबड्यात धरली तर चिरडतात. त्यांवर लोखंडी नळ्या घालून फुगणाऱ्या ग्राउटने किंवा रेझिनने भराव्या लागतात. प्रयोगशाळेला हे माहीत आहे का, आधी विचारा.

शेवटी खरी परीक्षा, क्षाराची. एक लिटर पाण्यात ११८.५ ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड, ०.९ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड आणि ४.२ ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड. ६० अंशांवर ९० दिवस. भांडं घट्ट झाका, नाहीतर हवेतला कार्बन डायऑक्साइड द्राव सौम्य करत राहतो आणि निकाल खोटा चांगला येतो. तुकड्यांची कापलेली तोंडं रेझिनने बंद करा. शेवटी मूळच्या किमान ८० टक्के ताकद उरली पाहिजे. साधी सळई ८२ वर आणि ग्राफीनची ८३ वर असेल, तर मनाला कितीही लागलं तरी फायदा झालेला नाही.

वीजरोधही मोजून ठेवा. काचतंतूची सळई वीज वाहत नाही, म्हणूनच ती एमआरआयच्या खोलीत किंवा टोलनाक्याच्या सेन्सरखाली वापरतात. ग्राफीनचं प्रमाण वाढून कण एकमेकांना टेकले तर हा गुण जातो, आणि ओल्या काँक्रीटमध्ये लोखंडाला टेकलेला वीजवाहक कार्बन उलट लोखंडालाच गंजवतो.

सातवी पायरी: डिझाइन आणि साइट

डिझाइनमध्ये ग्राफीनचं नाव घेऊन कुठलाही गुणांक वाढवू नका. अमेरिकेच्या एसीआय ४४०.११ या २०२२ च्या कोडमध्ये पर्यावरणाचा घटक ०.८५, सततच्या भाराखाली ताण ताकदीच्या ३० टक्क्यांपर्यंत, आणि सळई तुटून निकामी होणाऱ्या छेदाला घटक ०.५५. हे सगळं तसंच ठेवा. ग्राफीनने मिळालेलं आयुष्य ही वरकड कमाई समजा.

‘लोखंडाच्या बाराच्या जागी फायबरची दहा टाका’ हा विक्रेत्यांचा सल्ला तर हमखास ऐकू येतो. ताकदीच्या हिशेबात तो बसतोही. पण मॉड्युलस २०० च्या जागी ४५, क्षेत्रफळ ११३ च्या जागी ७९. गुणाकार केला तर ताठपणा मूळच्या जेमतेम सहाव्या भागावर येतो. स्लॅब पडणार नाही, पण झोळ खाईल आणि भेगा रुंद होतील. वाकणं आणि भेगा यांवरूनच इथे सळई ठरते. भूकंपात वाकून ऊर्जा पिण्याचं काम ही सळई करत नाही, ती ताणत जाते आणि एकदम तुटते. घराच्या कॉलम-बीममध्ये ती नको. जेट्टीचा डेक, किनाऱ्यावरची संरक्षक भिंत, गटारावरची झाकणं, खाऱ्या जमिनीवरचा काँक्रीट रस्ता या तिच्या जागा.

साइटवर फिटर मंडळींना पहिल्या दिवशीच सांगा: सळई वाकत नाही. पाइप घालून, तापवून, कशीही नाही. रिंगा आणि एल कारखान्यातूनच वाकवून आणायचे. कापायला कटर ब्लेड, शिअर मशीन नाही. हातमोजे आणि मास्क सक्तीचे, नाहीतर काचेची कुसं रात्रभर टोचतात. बांधायला प्लॅस्टिकचे टाय. सळई काँक्रीटपेक्षा हलकी आहे, म्हणून ओतताना जाळी वर तरंगते: कव्हर ब्लॉकवर नुसती ठेवून भागत नाही, खाली शटरिंगला बांधून ठेवावी लागते. व्हायब्रेटरच्या सुईला रबरी टोपी लावा. साठवणीत ताडपत्री हवीच. ग्राफीन असलं तरी उन्हाने पृष्ठभागाचं रेझिन खडूसारखं होतं.

ओतायच्या दिवशी आणखी एक काम. ग्राफीनच्या आणि साध्या सळईचे सहा-सहा तुकडे त्याच काँक्रीटच्या छोट्या ठोकळ्यांत ओता, ठोकळ्यांवर बॅच क्रमांक कोरा आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात साखळीने बांधून ठेवा. एक जोडी वर्षाने फोडा, पुढची तीन वर्षांनी, बाकीच्या जसजसा धीर पुरेल तशा. साखळी मात्र स्टेनलेसची घ्या.